‘काल घेतली’ म्हणण्याइतका विश्वास

गर्दच्या विळख्यातून बाहेर पडू पाहणारा तरुण समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे तो सहसा खरे बोलत नाही. ‘एकदम ओके आहे सर, आठवणसुद्धा येत नाही,’ असे तो सांगतो. शेजारी बसलेली आई मान डोलावते, कारण तिलाही तेच ऐकायचे असते. समुपदेशकाला मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या दिसत असतात, मधूनच जड होऊन मिटणाऱ्या पापण्या दिसत असतात. अशा वेळी त्याने काय करावे? लघवीची तपासणी करवून खोटे उघडे पाडावे, आईला बाजूला घेऊन खरे सांगावे, की काहीच न कळल्यासारखे दाखवून पुढच्या आठवड्याची वेळ द्यावी?

वरकरणी हा शिस्तीचा प्रश्न वाटतो. त्यात जीव कसा अडकलेला असतो, हे समजण्यासाठी आधी या नशेची चाल समजून घ्यावी लागते.

अफूपासून निघणारी किंवा अफूसारखी काम करणारी द्रव्ये अनेक आहेत. हेरॉइन, तिचेच भेसळयुक्त रूप असलेली ब्राऊन शुगर ऊर्फ गर्द, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, वेदनाशामक ट्रॅमाडॉल ही त्यातली आपल्याकडची परिचित नावे. रोजच्या सेवनाने शरीर त्यांना सरावते. पहिल्या महिन्यात जी मात्रा गुंगी आणत होती, ती वर्षभराने केवळ ‘टर्की’ टाळण्यापुरती उरते. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यास उद्भवणारा त्रास. नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, हाडे मोडून यावीत तशा वेदना आणि रात्र-रात्र झोप नाही. हेरॉइनच्या बाबतीत हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि साधारण आठवडाभरात ओसरू लागतो. तो ओसरला की घरच्यांना वाटते, सुटला एकदाचा.

धोका तेथूनच वाढतो. काही आठवडे नशेपासून दूर राहिलेल्या शरीराचा सराव मोडलेला असतो; मनातली ओढ मात्र शाबूत असते. अशा वेळी पाय घसरला आणि हात जुन्याच मात्रेकडे गेला, तर श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो. उपचार केंद्रातून घरी परतल्यानंतरचे आणि तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत जोखमीचे मानले जातात. त्या दिवसांत पाय घसरल्याचे पहिल्यांदा कळते ते ज्याचा घसरला त्याला. दुसऱ्या कुणाला कळायचे, तर बहुधा त्याने स्वतःहूनच सांगावे लागते. तो कुणाला सांगेल? ज्याच्यासमोर सांगितल्याने आपले काही हिरावले जाणार नाही अशी खात्री असेल, त्यालाच.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मार्फत केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक या वर्गातील द्रव्यांचे सेवन करीत होते. त्यातील सुमारे ७७ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. एवढ्या मोठ्या संख्येपुढे औषध, खाटा, निधी यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन माणसांत काय घडते, याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

‘गर्दुल्ला’ या शब्दापासून

मुंबईत गर्द पसरली ती ऐंशीच्या दशकात. त्या काळात ‘गर्दुल्ला’ हा शब्द शहराच्या तोंडी बसला आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही आला. रेल्वेच्या रुळांकडेला पन्नीवर पूड तापवून धूर ओढणारा, चोऱ्या करणारा, कळकट माणूस, असे एक चित्र त्या शब्दाने पक्के केले. समुपदेशकाच्या खोलीत शिरणारा माणूस हे चित्र सोबत घेऊनच येतो. पहिल्याच भेटीत ‘कधीपासून गर्दुल्ला झालास?’ या सुरात विचारणा झाली, तर पुढच्या दहा भेटींत मिळणारी उत्तरेही त्याच मापाची असतात.

अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या लेखनाने त्या चित्रामागची माणसे मराठी वाचकांसमोर आणली. त्यातूनच पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या आर्थिक साह्याने, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथील एक प्रथा या विषयाशी थेट जोडलेली आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या अनेक रुग्णांनाच तेथे कामात सामावून घेतले गेले, समुपदेशक म्हणूनही. ज्याने स्वतः टर्की भोगली आहे त्याच्यापुढे ‘तुम्हाला काय कळणार?’ हे वाक्य उच्चारता येत नाही. नात्याची पहिली पायरी तेथे आपोआप चढली जाते.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. स्वतःची वाट सापडलेल्या माणसाला तीच एक वाट खरी वाटू लागण्याचा संभव असतो. जो मनोनिग्रहाने आणि गटसभांच्या आधाराने सुटला, त्याला औषधावर राहणारा रुग्ण अर्धवट सुटलेला वाटतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप घरच्यांकडून जितका ऐकू येतो, तितकाच कधी कधी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातूनही येतो. तो वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवांडर यांनी १९६५मध्ये मेथाडोनवरील आपले काम प्रसिद्ध केले, तेव्हापासून जमा होत गेलेला पुरावा सांगतो की, दीर्घ काळ टिकणाऱ्या औषधाची ठरावीक मात्रा रोज मिळाली तर ओढ आटोक्यात राहते, माणूस कामधंद्याला लागतो आणि मृत्यूचे प्रमाण घटते. भारतात या कामी मुख्यतः जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी वापरली जाते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून ती दिली जाते आणि त्या केंद्रांत डॉक्टर व परिचारिकेबरोबर समुपदेशकही असतो.

येथेही खरे बोलण्याला थेट औषधशास्त्रीय अर्थ आहे. अंगात हेरॉइन असताना ब्युप्रेनॉर्फिन दिले, तर ते हेरॉइनला बाजूला सारून तिची जागा घेते, पण तिच्याइतके काम करीत नाही. परिणामी रुग्णाला अचानक तीव्र टर्की लागते. ‘शेवटची पुडी कधी घेतली?’ या साध्या प्रश्नाला रुग्णाने संकोचाने ‘काल सकाळी’ असे उत्तर दिले आणि प्रत्यक्षात ती दोन तासांपूर्वीची असेल, तर उपचाराचा पहिलाच दिवस यातनेचा ठरतो. त्यानंतर तो परत न येण्याचीच शक्यता अधिक.

फिलाडेल्फियातील बासष्ट रुग्ण

समुपदेशक कोण आहे याने खरोखर फरक पडतो का, याचे एक उत्तर जवळजवळ अपघातानेच मिळाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील एका मेथाडोन केंद्रातील दोन समुपदेशकांनी अचानक नोकरी सोडली. त्यांचे ६२ रुग्ण उरलेल्या चार समुपदेशकांत वाटून द्यावे लागले. औषध तेच, केंद्र तेच, नियमही तेच. बदलला होता फक्त टेबलापलीकडचा माणूस. टॉमस मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या बदलीच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा-सहा महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १९८८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

चौघांच्या रुग्णांत ठळक तफावत होती. एका समुपदेशकाकडे गेलेल्या रुग्णांचे चोरून नशा करणे घटले, बेकारी आणि अटका कमी झाल्या, एवढेच नव्हे तर त्यांना लागणाऱ्या मेथाडोनची सरासरी मात्राही खाली आली. दुसऱ्या एका समुपदेशकाच्या रुग्णांचे नेमके उलट झाले. बेकारी वाढली, नशा वाढली आणि औषधाची मात्राही वाढवावी लागली. नोंदवह्या तपासल्यावर दिसले की, ज्यांचे रुग्ण सुधारले ते समुपदेशक प्रत्येकासाठी नीट आखणी करीत होते, नियम सर्वांना सारखेच लावत होते आणि पुढे येऊ शकणाऱ्या अडचणींवर आधीच बोलत होते. गोड बोलणे एवढाच या नात्याचा अर्थ नाही, हे यातून लक्षात यावे.

त्याच मॅक्लेलन यांनी १९९३मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेथाडोनवरील ९२ माजी सैनिकांचे तीन गट केले गेले. एकाला केवळ औषध, दुसऱ्याला औषध आणि नियमित समुपदेशन, तिसऱ्याला त्यावर वैद्यकीय-मानसोपचार सेवा, नोकरीविषयक मदत आणि कौटुंबिक उपचार. नशा थांबतच नसल्याने किंवा प्रकृती गंभीर झाल्याने पहिल्या गटातील ६९ टक्के रुग्णांना प्रयोगातून बाहेर काढून अधिक उपचार द्यावे लागले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते, तर तिसऱ्यात १९ टक्के.

मन आधीच खचलेल्या रुग्णांत नात्याचे वजन अधिक जाणवते. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या ११४ रुग्णांच्या १९९९मधील एका अमेरिकी अभ्यासात, मानसिक त्रास मध्यम ते तीव्र असलेल्या रुग्णांपैकी ज्यांचे उपचारकाशी नाते घट्ट होते, त्यांतील ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी उपचार पूर्ण केले. नाते कच्चे होते त्यांच्यात पूर्ण करणारे २५ टक्केही नव्हते.

मग समुपदेशन सर्वांना सक्तीचे करावे का? येथे पुरावा सरळ रेषेत जात नाही. वेदनाशामक ओपिऑइडच्या आहारी गेलेल्या ६५३ रुग्णांवरील, २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन सुरू असताना जवळपास निम्म्या रुग्णांची स्थिती चांगली होती. गोळी हळूहळू बंद केल्यानंतर ती चांगली राहिलेले नऊ टक्केही उरले नाहीत. समुपदेशनाचे जादा तास देऊन या दोन्ही आकड्यांत फरक पडला नाही. मात्र ज्यांना जादा तास मिळाले नाहीत, तेही डॉक्टरांना नियमित भेटत होते आणि त्या भेटींत व्यसनाविषयी बोलणे होतच होते. औषध काढून घेऊन नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे यातून निश्चित होते. तास मोजून नाते तयार होत नाही, असाही त्याचा एक अर्थ लावता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनाही त्याच वळणाच्या आहेत. समुपदेशन सर्वांना देऊ करावे, मात्र ते नको म्हणणाऱ्याचे औषध अडवू नये. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मेथाडोन केंद्रांसाठीच्या २०२४च्या सुधारित नियमांत हीच भूमिका घेतली.

पोलीस की सोबती?

समुपदेशकाची खरी कोंडी होते ती त्याच्या हाती किल्ल्या दिल्यावर. कुणाला गोळ्या घरी न्यायला द्यायच्या, कुणाची लघवी तपासायची, कुणाचे नाव कमी करायचे, यात त्याचे मत विचारले जाते. रुग्णाला हे ठाऊक असते. एकाच माणसाने विश्वास मिळवायचा आणि पहाराही द्यायचा, अशी ही रचना आहे. ‘काल घेतली’ म्हणणाऱ्याला त्याच दिवशी घरी न्यायच्या गोळ्या बंद झाल्या, तर ती बातमी केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्ध्या तासात पोहोचते आणि पुढचे सहा महिने कुणीच काही घेतलेले नसते. अर्थात चाचणीला काही स्थान नाही असे मुळीच नाही. चाचणी औषधाची मात्रा ठरविण्यास मदत म्हणून होणार असेल आणि तिच्या निकालाचे काय होणार हे आधीच सांगितलेले असेल, तर ती नात्याला बाधत नाही. ती सापळा म्हणून लावली की बाधते.

करोनाकाळाने या पहाऱ्याची एक अनपेक्षित परीक्षा घेतली. ब्युप्रेनॉर्फिन रोज कर्मचाऱ्यांसमोर घेण्याचा दंडक २०२०च्या टाळेबंदीत पाळणे अशक्य झाले, तेव्हा रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेण्यास परवानगी देण्यात आली. वर्षानुवर्षे ‘यांच्या हाती गोळ्या देता येणार नाहीत’ असे मानणाऱ्या व्यवस्थेला तो विश्वास नाइलाजाने टाकावा लागला.

कायद्याची सावलीही या खोलीत असते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार (एनडीपीएस) सेवन हादेखील गुन्हा आहे. याच कायद्याचे कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनाधीन व्यक्तीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालविला जाणार नाही. मात्र उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दुसरीकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही धरल्या आहेत आणि कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असणे हा त्यातला एक. हे कलम आपल्याला लागू आहे, याची कल्पना किती रुग्णांना असते?

आपल्याकडे गोपनीयता बहुतेकदा मोडते ती घरच्यांच्या दबावाने. पाश्चात्त्य पुस्तकांतला रुग्ण एकटा येतो. मुंबई-पुण्याच्या केंद्रात तो आई, बायको, कधी मेहुण्यासह येतो. उपचाराचा खर्च त्यांनीच उचललेला असतो. कपाटातून गेलेले दागिने, शाळेच्या फीचे पैसे, रात्रीबेरात्री पोलीस ठाण्यात मारलेले हेलपाटे हे सारे त्यांनी सोसलेले असते. ‘आम्हाला खरं कळायलाच हवं, ताई,’ असे आई म्हणते, तेव्हा ती काही चुकीचे मागत नसते. तिला उडवून लावणारा समुपदेशक रुग्णाचा विश्वास टिकवील, पण घर गमावून बसेल. अनुभवी समुपदेशक म्हणूनच पहिल्या भेटीतच, सर्वांसमोर, हद्द आखून घेतात. खोलीत बोललेले रुग्णाच्या संमतीविना बाहेर जाणार नाही. जीव धोक्यात आहे असे वाटले तर सांगावे लागेल, आणि शक्यतो सांगण्याआधी रुग्णाला कल्पना दिली जाईल. घरच्यांसाठी वेगळी वेळ ठेवली जाते. तेथे त्यांचे ऐकले जाते, रुग्णाची हेरगिरी त्यांच्यावर सोपवली जात नाही.

मराठीत या नात्याला आणखी एक नाजूक कंगोरा आहे. ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? विशीतल्या मुलाला ‘तुम्ही’ म्हटले तर तो बिचकतो, आणि दोन मुलांचा बाप असलेल्या रिक्षाचालकाला ‘तू’ म्हटले तर तो पोलीस ठाण्यात आल्यासारखा आवरून बसतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये उपचारातील नात्याचे तीन घटक सांगितले होते: ध्येयाबाबत एकमत, ते गाठण्याच्या कामांबाबत एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. पहिले दोन घटक नोंदवहीत लिहिता येतात. तिसऱ्याची सुरुवात आपल्याकडे बहुधा या सर्वनामापासून होते.

ध्येयाबाबतचे एकमतही वाटते तितके सोपे नसते. समुपदेशकाला पूर्ण मुक्ती हवी असते, बायकोला नवऱ्याचा पगार घरात यायला हवा असतो आणि रुग्णाला कदाचित एवढेच हवे असते की, सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत. विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत येथे उपयोगी पडते. तीत उपदेश नसतो. ‘गर्द सोडायला हवी’ हे वाक्य समुपदेशकाने उच्चारले की, रुग्ण न सोडण्याची कारणे शोधू लागतो. तेच वाक्य त्याच्या तोंडून यावे यासाठी त्याला विचारत राहायचे: मुलगी शाळेत जायला लागली म्हणालात, तिला सोडायला कोण जातं?

हे सारे एका भेटीत होत नाही, आणि येथेच आपल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी गफलत दिसते. सरकारी कार्यक्रमांतील आणि अनुदानित केंद्रांतील अनेक समुपदेशक कंत्राटावर काम करतात. मानधन तुटपुंजे, ते वेळेवर मिळेलच असे नाही, आणि रुग्णांचा भार मोठा. साहजिकच दुसरी नोकरी मिळाली की ते जातात. ज्या माणसापाशी रुग्णाने आठ महिन्यांनी प्रथमच बापाच्या मारझोडीविषयी तोंड उघडले, तो पुढच्या सोमवारी खुर्चीत नसतो. नव्या समुपदेशकासमोर फाइल असते; तीत मात्रा असते, चाचण्यांचे निकाल असतात. फिलाडेल्फियात दोन समुपदेशक गेल्यावर त्यांचे रुग्ण कुणाच्या वाट्याला आले यावर त्यांचे पुढचे सहा महिने ठरले. आपल्याकडे अशा बदल्यांचा रुग्णांवर काय परिणाम झाला, हे पाहण्याची पद्धत रुळलेली नाही. निदान जाणाऱ्याने येणाऱ्याची रुग्णाशी समोरासमोर ओळख करून द्यावी, एवढे तरी विनाखर्च करता येण्याजोगे आहे.

आणि समजा, हे सारे जमून आले. एखाद्या मंगळवारी तो तरुण एकटाच आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि खाली पाहत म्हणाला, ‘काल घेतली, सर.’ जाणकार समुपदेशक अशा वेळी ‘का घेतलीस?’ हा प्रश्न मागे ठेवतो. तो आधी विचारतो, किती घेतली? सुईने की पन्नीवर? एकटाच होतास की कुणी सोबत होते? आजची गोळी अजून घेतलेली नाही ना? मग डॉक्टरांना बोलावून मात्रेचा विचार होतो, कारण वारंवार पाय घसरणे हे अनेकदा मात्रा अपुरी असल्याचे लक्षण असते. पूर्वी पचत होती ती मात्रा आता जिवावर बेतू शकते, आणि एकट्याने घेतली तर मदतीला कुणीच नसते, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले जाते. घरी सांगायचे का, कुणाला आणि कुणी, हे दोघे मिळून ठरवतात. पुढची भेट पुढच्या मंगळवारची नसते. ती दुसऱ्या दिवशी सकाळची असते.